चार कागद, चार नावं आणि एक कोंडाबाई

वाचकाचं पत्र, थोडक्यात (गाव आणि माणसांची नावं बदलली आहेत):

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. पुण्यात नोकरी करते, गाव वाळवा तालुक्यात. गेल्या वर्षी वडील गेले. वारस नोंदीसाठी जुने उतारे काढले आणि तिथून घोळ सुरू झाला. वडिलांच्या आजोबांना घरात सगळे ‘बाळाआबा’ म्हणायचे. 1919 च्या फेरफारात (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीत) मात्र ‘दगडू बिन धोंडी, अज्ञान, अ.पा.क. आई कोंडाबाई कोम धोंडी’ असं आहे. 1931 साली माझ्या आजोबांचा जन्म झाला, त्या नोंदीत बापाचं नाव ‘बाळा धोंडी पाटील’. आजोबांच्या 1938 च्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव ‘बाळकृष्ण’, आडनाव ‘जाधव’. 1953 च्या सातबाऱ्यावर ‘बाळू धोंडी जाधव’, आणि जिल्हा ‘दक्षिण सातारा’. यातले आमचे पणजोबा कोण? खरं आडनाव कोणतं? एक चुलत आत्या म्हणते, ‘आपण मुळात इथले नाही, उगाच उकरू नकोस.’ भाऊ म्हणतो, एक प्रतिज्ञापत्र करून सगळीकडे एकच नाव लावून टाकू. तालुक्याला एक जण पंचवीस हजारांत चौदा पिढ्यांची वंशावळ काढून देतो म्हणतोय. मला झोप लागत नाही. घरच्यांनी आमच्यापासून काही लपवलं का? मुलीला मी काय सांगू, आपण कोण?

ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी चारही नोंदी एका कागदावर एकाखाली एक लिहून काढल्या. तुम्हीही तसंच करा, आणि प्रत्येक नोंदीपुढे दोन गोष्टी लिहा : त्या दिवशी लेखणी कुणाच्या हातात होती, आणि नाव सांगत कोण होतं. निम्मा घोळ तिथेच सुटतो असा माझा अनुभव आहे.

1919 चा फेरफार तलाठ्यानं लिहिला. सांगणारी होती मुलाची आई. ओळीतलं ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘अज्ञान’ म्हणजे वयात न आलेला, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. साल बघितल्यावर मला पहिल्यांदा 1918 ची साथ आठवली. त्या पावसाळ्याच्या शेवटी मानमोडीच्या तापानं (इन्फ्लुएन्झानं) घरंच्या घरं बसली, आणि तरणी माणसं जास्त गेली. पुढच्या वर्षीच्या फेरफार पुस्तकांत म्हणूनच वारसांच्या नोंदी ओळीनं सापडतात. तुमचे धोंडी त्याच साथीत गेले का, ते मृत्यूच्या नोंदीवरून कळेल. पण त्यांच्या मागे वयात न आलेलं पोर आणि त्याची आई राहिली, एवढं या एका ओळीवरून नक्की दिसतं. आईनं पोराचं नाव सांगितलं ‘दगडू’. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू असं ठेवायचं, म्हणजे काळाची नजर पडणार नाही, ही आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. बापाचं नाव ‘धोंडी’ आहे हेही बघा. धोंडोबाच्या नवसाचाही धोंडी असतो, त्यामुळे मी ठाम सांगत नाही. पण त्या घरात सलग दोन पिढ्या लेकरं जगवण्याची धडपड चाललेली असू शकते.

1931 ची नोंद गाव नमुना नंबर 14 मधली, म्हणजे आपण जिला कोतवाल बुकाची नक्कल म्हणतो ती. गावकामगारानं ऐकून लिहिलेली. तिथे बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. गावातल्याच माणसानं लिहिलं, म्हणून गावात हाक मारायचे ते नाव आलं : बाळा. आणि गावात ज्या भावकीत मोजायचे ती आली : पाटील.

1938 साली लेखणी मास्तरांच्या हातात होती. त्या काळच्या मास्तरांना वाटायचं, शाळेच्या जनरल रजिस्टरात शुद्ध नाव जावं. बाळाचा बाळकृष्ण झाला, ज्ञानूचा ज्ञानदेव, रामाचा रामचंद्र, हणमाचा हणमंत. माझ्या वडिलांची जन्मतारीख 1 जून आहे, त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच आहे. मास्तरांनी वय बघून अंदाजानं घातलेली. तारीख जिथे अशी पडते तिथे नाव कसं पडलं असेल, याचा अंदाज करा.

1953 च्या उताऱ्यावरचं ‘दक्षिण सातारा’ बघून तुम्ही चमकलात. अनेक जण चमकतात. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये त्यांना आसपासच्या संस्थानी मुलुखाची जोड देऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तुमचे आजोबा 1931 साली सातारा जिल्ह्यात जन्मले, तरुणपणी दक्षिण साताऱ्याचे झाले आणि तिशीच्या आत सांगलीचे, घराचा उंबरा न ओलांडता. सैन्यात, रेल्वेत, गिरणीत असलेल्या माणसाच्या कागदावर हे तिन्ही जिल्हे येतात आणि नातवंडं तीन माणसं समजून शोधत बसतात.

तेव्हा घरच्यांनी लपवलं का, या प्रश्नाचं माझं उत्तर : या चार कागदांत तरी लपवल्याची खूण मला दिसत नाही. आज आपल्याला आधारवर, पॅनवर, पासबुकावर एकच नाव एकाच स्पेलिंगनं लागतं. एक अक्षर चुकलं तरी काम अडतं. म्हणून आपल्याला वाटतं, नाव बदललं म्हणजे कुणीतरी काहीतरी केलं. तुमच्या पणजोबांना हा जाच नव्हता. आईचा दगडू, गावाचा बाळा, मास्तरांचा बाळकृष्ण, या तिन्ही नावांनी ते हाकेला ओ देत होते. ‘यातलं खरं कोणतं’ हा प्रश्न त्यांना कळलाच नसता.

पण थांबा. एवढं गोड जुळतंय म्हणून ते खरं धरू नका. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. दगडू आणि बाळा हे दोन भाऊही असू शकतात. अविभक्त कुटुंबात थोरल्याचंच नाव लागायचं. पुढच्या काळातल्या उताऱ्यांवर ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी अक्षरं दिसतात ती त्यामुळेच. धाकटे भाऊ कागदावर नसायचे, पण शेतात असायचे. तुमचा दगडू थोरला असेल, बाळा धाकटा असेल, दगडू मूलबाळ न होता गेला असेल, किंवा मुंबईला गिरणीत जाऊन तिकडचाच झाला असेल. असं असलं तर तुम्ही एका माणसाला दुसऱ्यात मिसळून पुसून टाकाल.

हे ठरवायचं कसं? नावाच्या मागे जाऊ नका, जमिनीच्या मागे जा. नावं बदलतात, जमीन हलत नाही. आणि एका नावावरून दुसऱ्या नावावर ती आपोआप जात नाही, मध्ये फेरफार पडावा लागतो. 1953 च्या सातबाऱ्यावर ‘बाळू धोंडी जाधव’ या नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात एक नंबर असेल. तो फेरफाराचा नंबर. तो फेरफार काढा. त्यात त्याच्या मागचा नंबर मिळेल, मग तो काढा. असं पायरी पायरीनं 1919 पर्यंत उतरा. वाटेत ‘मयत दगडू यांचे वारस’ किंवा ‘दगडू व बाळू यांचेत वाटणी’ असा फेरफार लागला, तर माणसं दोन. असा कोणताही फेरफार न पडता, ‘दगडू सज्ञान झाल्याने आईचे नाव कमी’ एवढीच नोंद होऊन पुढे नव्यानं लिहिलेल्या वहीत त्याच जमिनीला बाळू लागला असेल, तर माणूस एकच. मग जमिनीचं क्षेत्र, आकार आणि शेजारचे खातेदार ताडून बघा. माझा स्वतःचा नियम असा आहे की गाव, जमीन, आई किंवा बायकोचं नाव, आणि शेजारी किंवा हिस्सेदार, या चारांतल्या तीन गोष्टी जुळल्याशिवाय मी दोन नावं एका माणसाची मानत नाही.

वाटेत एक खड्डा आहे, तो आधीच सांगते. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली गावोगावी वेगवेगळ्या साली एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुमच्या आजच्या उताऱ्यावर गट नंबर आहे, 1919 च्या कागदावर सर्व्हे नंबर. दोन्हींचा सांधा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तिथे एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) चा उतारा मागा. जुने फेरफार आणि नमुना 14 तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. अर्जात ‘आमच्या पूर्वजांचे सर्व जुने रेकॉर्ड मिळावे’ असं लिहू नका, अशा अर्जाला ‘आढळून येत नाही’ हेच उत्तर येतं. गाव, सर्व्हे नंबर, फेरफार नंबर, सालाची कक्षा लिहा. आटपाडी, जत, मिरज, फलटण, औंध अशा संस्थानी गावांच्या वाचकांनी आपलं गाव तेव्हा कोणत्या संस्थानात होतं ते आधी नक्की करावं. शेजारच्या दोन गावांची दप्तरं दोन ठिकाणी असू शकतात.

आता पाटील की जाधव. हा प्रश्न आपल्या भागात घरटी आहे. जाधव, मोरे, शिंदे, मोहिते, पवार ही कुळाची नावं. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही कामाची, वतनाची नावं. कऱ्हाडकर, वाईकर ही गावाची, आणि गाव सोडल्यावरच लागतात. कऱ्हाडात कुणी कऱ्हाडकर म्हणून घेत नाही. एकाच घराला तिन्ही असायची आणि कामानुसार एकेक पुढे यायचं. सोयरीक जुळवताना जाधव, चावडीवर पाटील. तुमच्या घरात प्रत्यक्ष पाटीलकी होती की तुम्ही पाटलाच्या भावकीतले म्हणून पाटील म्हणवले गेलात, ते वतनाच्या कागदावरून कळतं. 1874 च्या वतन कायद्याखाली वतनदार घराण्यांची रजिस्टरं ठेवलेली होती, आणि मुलकी पाटलांचं वंशपरंपरागत पद 1962 च्या कायद्यानं संपलं. त्या रजिस्टरात घराचा पुरुषक्रम मिळू शकतो. तुमच्या मुलीला दोन्ही नावं सांगा : कूळ जाधव, गावात पाटील म्हणायचे. दोन्ही तिची आहेत.

भावाच्या प्रतिज्ञापत्राबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. मेलेल्या माणसांची नावं दुरुस्त करायला जाऊ नका. गॅझेटमधला नावबदल जिवंत माणसासाठी असतो. 1919 च्या तलाठ्यानं दगडू लिहिलं ते त्या दिवसापुरतं बरोबरच होतं. वारस नोंदीला सगळीकडे एकच नाव असावं लागत नाही. ही नावं एकाच व्यक्तीची आहेत एवढं दाखवावं लागतं, आणि त्यासाठी आपल्या भाषेत ‘उर्फ’ हा सुंदर शब्द आहे. शिवाय तुमच्या वडिलांच्या वारस नोंदीला लागतो तो त्यांचा मृत्यूचा दाखला आणि त्यांचे वारस. पणजोबांपर्यंतचं उर्फ जिथे खरोखर मागितलं जाईल तिथेच द्या. प्रतिज्ञापत्र म्हणजे पुरावा नव्हे, ते तुमचं शपथेवरचं म्हणणं आहे. फेरफारांचा जिना उतरण्याआधी ‘दगडू उर्फ बाळा’ असं शपथेवर लिहून दिलंत, आणि उद्या दगडूची नात लालबागहून कागद घेऊन आली, तर ती खोटी शपथ ठरेल आणि एका शाखेचा हक्क तुमच्या सहीनं बुडेल. भावाला म्हणावं, तीन महिने थांब.

(महसुली उताऱ्यात नाव लिहिताना अलीकडे झालेली नुसती लेखनिकाची चूक असेल, तर ती जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडून दुरुस्त होते. ती गोष्ट वेगळी. जिवंत खातेदारांनी ती जरूर करून घ्यावी.)

पंचवीस हजारांच्या चौदा पिढ्या घेऊ नका. हिशेब सोपा आहे. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर चौदा पिढ्या म्हणजे साडेतीनशे वर्षं, थेट शिवकाळ. आपल्या भागात सामान्य कसणाऱ्या कुळाचं नाव सरसकट कागदावर यायला लागलं ते इंग्रजांच्या पैमाशीनंतर, म्हणजे जमीनमोजणीनंतर. साताऱ्याचं राज्य खालसा झालं 1848 साली, म्हणजे ते त्याच्याही पुढे. त्याआधीच्या मोडी कागदांत भेटतात ते वतनदार, इनामदार, शिलेदार, देवस्थानाचे पुजारी, तंट्यातले पक्षकार. तुमचं घर पाटीलकीचं निघालं, तर एखादा महजर (जुन्या निवाड्याचा कागद) किंवा करीना (घराण्याची लेखी हकिगत) मिळून तुम्ही खूप मागे जाल. नाही निघालं, तर पाच-सहा पिढ्यांवर कागद संपतो, आणि तिथे प्रामाणिकपणे रेघ मारायची. विकतच्या वंशावळीत त्या रेघेच्या वर कुण्या सरदाराचं घराणं आणून चिकटवलेलं असतं. तुमच्या खापरपणजीनं राखलेल्या जमिनीपेक्षा त्या उसन्या तलवारीची किंमत मला तरी जास्त वाटत नाही.

मोडी कागद हाती आलेच, तर जाणकाराकडून वाचून घ्या, किंवा शिका. नेटानं बसलं तर काही महिन्यांत छापील वळणाची मोडी लागायला लागते. नावांच्या बाबतीत एवढं लक्षात असू द्या की मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. नाव कुठे संपलं आणि बापाचं कुठे सुरू झालं, ते ‘बिन’ किंवा ‘वल्लद’ या शब्दांवरून ओळखायचं. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. पुढच्या कागदांत तिथे ‘भ्रतार’ येतं. साल शके असेल तर 78 मिळवा. फसली असेल तर 590, शुहूर असेल तर 599. फसली आणि शुहूर ही सालं मृगापासून सुरू होतात, म्हणून जानेवारी ते मेमधल्या कागदाला आणखी एक मिळवायचा. हा एकचा फरक विसरून बाप लेकानंतर जन्मलेला दाखवणारी वंशावळ मी पाहिलेली आहे.

आता चुलत आत्या. ताई, त्यांना कागद दाखवून उलटतपासणी करू नका. ‘आपण मुळात इथले नाही’ हे वाक्य हवेतून आलेलं नाही, आणि त्याचे कितीतरी साधे अर्थ निघतात. कुणी दत्तक आलं असेल. कुणी घरजावई असेल. दुष्काळात माण-खटावकडून कृष्णाकाठाला घर हललं असेल. किंवा धोंडीच्या मागे तरुण कोंडाबाईनं पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं असेल आणि पोर दुसऱ्या घरात वाढलं असेल. कुणब्या-मराठ्यांच्या घरांत पाटाची रीत होती. पुढच्या पिढीला मोठं दिसायचं होतं, तेव्हा तिनं ती दडवली. तुम्ही लपवालपव म्हणता ती असलीच तर एवढीच असेल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? साथीत नवरा गेलेल्या बाईनं पोर जगवलं.

आत्यांजवळ बसा, भाजी निवडता निवडता वेगळंच काही विचारा. आपण सुतक कुणाकुणाचं धरतो? हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. आडनाव काहीही असो, ज्यांचं सुतक दहा दिवस धरतो ती भावकी, आणि तीन दिवसांवर सोडतो ते लांबचे. मग लग्नातलं देवक कोणतं, पंचपल्लव की कळंब की आणखी काही? कुळदैवत पालीचा खंडोबा की जोतिबा, म्हसवडचा सिद्धनाथ की शिंगणापूर? आडनाव एका पिढीत बदलतं, देवक आणि कुळदैवत सहसा बदलत नाहीत. गावातल्या बाकीच्या जाधवांचं देवक एक आणि तुमचं वेगळं, असं निघालं, तर आत्या खरं बोलताहेत आणि दिशाही मिळाली : तुमच्या देवकाचे जाधव कोणत्या गावी आहेत ते बघायचं.

आणि हेळवी शेवटचा कधी आला होता, ते विचारा. सांगली-कोल्हापूरच्या आणि सीमेपलीकडच्या वाचकांना ओळख द्यायला नको : बैलावरून येणारा, घराच्या पिढ्या म्हणून दाखवणारा. तुमच्या घराचा हेळवी ठरलेला असतो. त्याचं गाव गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला ठाऊक असेल. त्याला बोलवा, मानानं बसवा, त्याचं धान्य-दक्षिणा द्या, आणि परवानगी घेऊन फोनवर आवाज भरून घ्या. त्याच्याजवळ असतं ते कागदाला माहीत नसतं : कोण कुठून आलं, कुणाची लेक कुठे दिली. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही अशाच. तिथे आडनावापेक्षा गावाचं नाव आधी सांगा. बाळाआबा कधी यात्रेला गेले असतील, तर त्यांच्या तोंडून लिहिलेली चार नावं तिथे मिळण्याचा संभव आहे, आणि आपलं नाव ते स्वतः काय सांगत होते हेही. हेळव्याचा शब्द आणि वहीतली ओळ हाही पुरावाच आहे, पण फेरफाराशी ताडून घ्यायचा.

ज्यांचे पणजोबा लढाईवर गेले होते त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण सातारा जिल्ह्यातून अशी पत्रं फार येतात. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, आणि परत न आलेल्यांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत इंटरनेटवर फुकट बघता येतात. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आहे. पण ती कानानं ऐकून इंग्रजीत लिहिलेली. आपल्या जाधवचं तिथे जाधाव, जाडव, जादो काहीही होतं, आणि आडनाव नसलं तर नुसतं ‘रामा’. म्हणून माणसाच्या नावानं शोधू नका. पलटण आणि गाव धरून शोधा, आणि गावाचंही स्पेलिंग चार तऱ्हांनी घालून बघा. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या वाचकांनी पुनर्वसनाचे कागद आधी धरावेत. नव्या गावी लोक त्यांना जुन्या गावाच्या नावानं ओळखायला लागले आणि तेच आडनाव झालं, अशी घरं आहेत.

ताई, आता मला तुमच्या पत्राबद्दल एक म्हणायचं आहे. दगडू, बाळा, बाळकृष्ण, बाळू यांच्यावर तुम्ही दोन पानं लिहिलीत. कोंडाबाई एकदाच आली, तीही अवतरण चिन्हांत. तुम्ही तिच्याबद्दल काहीच विचारलं नाहीत.

ती ओळ परत वाचा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नवरा गेलेला, पदरात पोर, आणि जमीन. भावकीनं ती जमीन आपल्यात ओढून घ्यायला त्या काळी काहीच अवघड नव्हतं. ती चावडीवर गेली, तलाठ्यासमोर उभी राहिली आणि पोराचं नाव लावून आली. 1953 पर्यंत ती जमीन घरात राहिली म्हणून आज तुमच्या वारस नोंदीत नोंदवायला काहीतरी आहे. तुमची वंशावळ धोंडी, दगडू, तुमचे आजोबा अशी बाप-लेकांची शिडी असेल, तर ती या बाईवरून उडी मारून जाते.

तिचं नावसुद्धा कोंडाबाई होतंच असं नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि माहेरचं नाव तिथेच संपायचं. माझी आजी गेली तेव्हा दहाव्याला तिचा थकलेला भाऊ आला होता. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, ‘चंपे, आता जा बाई.’ आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. चाळीस वर्षं आम्ही तिला दुसऱ्याच नावानं ओळखत होतो. तिला चंपा म्हणणारं तेवढं एकच माणूस तोवर उरलं होतं, आणि पुढच्या वर्षी तेही गेलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आले आहे : वंशावळीत बायकांची दोन्ही नावं लिहा, आणि माहेरचं गाव लिहा. म्हाताऱ्या बायकांना त्यांचं पहिलं नाव आजच विचारा, कागदाची कामं नंतर करा.

कोंडाबाईचं माहेर शोधायला कागद थोडे आहेत, पण आहेत. विधवा बाईच्या कामाला तिचा भाऊ बहुधा सोबत यायचा, तेव्हा त्या काळच्या फेरफारात किंवा एखाद्या गहाणखतात साक्षीदार म्हणून परगावचा माणूस आहे का बघा. आत्यांना विचारा, बाळाआबांचं आजोळ कोणतं म्हणायचे, यात्रेला कुठल्या गावाहून पाहुणे यायचे. मुलीनं ‘आपण कोण’ विचारलं तर माझ्या मते सुरुवात कोंडाबाईपासून करा.

एक काम मात्र लगेच करा. 1919 च्या फेरफाराची हातानं किंवा टाइप करून दिलेली नक्कल तुमच्याकडे आहे, असं पत्रावरून दिसतं. तिच्यात खाली नुसतं ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहिलेलं असू शकेल. परत अर्ज करा, आणि या वेळी मूळ पानाची झेरॉक्स किंवा स्कॅन मागा, फेरफाराचा पूर्ण मजकूर, शेरा आणि सह्यांसकट. शंभर वर्षांपूर्वी त्या चावडीत तिनं शाईत बुडवलेला अंगठा त्या पानावर उठलेला असेल, तर तो तुमच्या घरात असायला हवा.